झोपू नकोस, ढग येईल

वेन कुआन-हुई यांना बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं. शिन्चूच्या त्या कंपनीत त्यांना एकवीस वर्षं झाली होती, पण गृहस्थ कायम उभे. बसची वाट उभ्यानं, मीटिंग उभ्यानं, जेवण तेवढं नाइलाजानं बसून. एकदा दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरनं दोन्ही खांदे दाबून खुर्चीत बसवलं, असं त्यांची बायकोच सांगायची. वय सत्तावन्न, अंगकाठी सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि हातात चहाचा स्टीलचा थर्मास. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना वेनदादा म्हणत. मॅनेजरही म्हणे, फक्त कपाळाला आठ्या घालून.

ही उभं राहण्याची खोड लहानपणची. शिनपूच्या डोंगरावर त्यांचं घर एकटं होतं, हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. ऑक्टोबरचा वारा सुटला की बाप पर्सिमनची फळं सोलून सुपांवर वाळत घालायचा. अंगणभर केशरी सुपं. पावसाची एक सर आली तरी वर्षाची मेहनत मातीमोल. म्हणून धाकट्या कुआन-हुईला सुपांच्या राखणीला उभं केलेलं असायचं. बसला तर डुलकी लागेल, म्हणून बसायचंही नाही. बाप आतून ओरडायचा, ‘‘झोपू नकोस, ढग येईल!’’ ढग वर्षातून दोनदा यायचा. पण पोरगं महिनाभर आभाळाकडे बघत उभं.

मोठेपणी त्यांनी हेच केलं, फक्त संगणकाच्या पोटात.

संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. कोणतं काम आधी, कोणतं मागाहून, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, हे तो ठरवतो. त्याला कर्नेल म्हणतात. साधा कर्नेल काम नसलं की प्रोसेसरला झोपवून टाकतो, वीज वाचते. पण झोपलेल्याला उठवायचं म्हणजे वेळ जातोच. वेनदादांची कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांना हुकूम देणारे डबे बनवायची, आणि त्या यंत्रांना उशीर खपत नाही. तांदळाच्या दाण्याहून बारीक सुटे भाग सटासट बसवणारी यंत्रं ती, जांभई द्यायला कुणाला सवड नाही. तेव्हा वेनदादांनी कर्नेल उघडून त्यात आपली ओळ घातली. काम नसलं तरी झोपायचं नाही. दारात उभं राहायचं आणि विचारत राहायचं, ‘आलं का? आलं का? आलं का?’ सेकंदाला कोटी वेळा. त्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी टीप लिहून ठेवली होती: ‘झोपू नकोस, ढग येईल.’

पुढे त्यांनी त्या कर्नेलमध्ये शेकड्यांनी सुधारणा केल्या, पण लाडकी ओळ हीच. तिच्यामुळे काम आल्यापासून हात लागेपर्यंत नऊ मायक्रोसेकंद लागायचे. नऊ! सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले नऊ घ्या. हा आकडा वेनदादांनी इतक्या जणांना ऐकवला होता की रखवालदारालाही पाठ होता.

आणि मग आले भाडेकरू.

गिऱ्हाइकांना आता वेगवेगळे डबे नको झाले. एकच मोठा सर्व्हर घ्यायचा आणि त्यात दहा आभासी यंत्रं वसवायची, अशी हवा आली. आभासी यंत्र म्हणजे पोटभाडेकरूच. आत राहणाऱ्या कर्नेलला वाटतं, बंगला आपला एकट्याचा. प्रत्यक्षात खाली एक घरमालक प्रोग्रॅम बसलेला असतो आणि तो प्रोसेसरचा वेळ सगळ्यांना थोडा थोडा वाटून देत असतो. ओसाकाचं एक मोठं गिऱ्हाईक गुरुवारी चाचणी बघायला येणार होतं. अट साधी: शेजारी इतर भाडेकरू असताना उत्तर शंभर मायक्रोसेकंदांच्या आत यायला हवं, दर वेळी.

वेनदादांचा कर्नेल तिथे हलवून तीन आठवडे झाले होते. उत्तर कधी दहात यायचं, कधी अकरात. आणि मधूनच, काही कारण नसताना, चाळीस हजारांत!

‘‘चाळीस हजार,’’ मॅनेजर शाओ म्हणाला. हा वेनदादांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायचा मोठ्या भावासारखा. ‘‘वेनदादा, एवढ्या वेळात आमची आजी उठून हजर होते.’’

‘‘दहादा दहा येतं ते दिसत नाही तुला!’’

‘‘गिऱ्हाइकाला अकराव्यांदाचं दिसतं. हे बघा, स्पष्टच सांगतो. गुरुवारी जमलं नाही तर बाजारातला तयार कर्नेल घालणार आपण. त्याला लागतात साठ-सत्तर, पण निदान झटके तरी येत नाहीत त्याला.’’

‘‘आणि माझा?’’

शाओनं खिडकीबाहेर बघितलं. ‘‘जपून ठेवू की.’’

जपून ठेवू! एकवीस वर्षांच्या कामाला कपाट दाखवतोय हा. वेनदादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवस सोमवार होता.

त्यांनी पहिली शंका घेतली ती पाकिटांवर. ती आमच्याकडे कुणीही घेतली असती, त्यात हसण्यासारखं काही नाही. सर्व्हरच्या खोलीत प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या मक्याच्या नळ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा आहे, म्हणजे यंत्रानं ऐकावं आणि तसं वागावं. पाकीट हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर यंत्र कुरकुरतं, लाल ठेवलं तर बंदच पडतं. फोडायचं नाही, खायचं तर अजिबात नाही, आणि वरची तारीख उलटू द्यायची नाही. इस्पितळात ठेवतात, बँकेत ठेवतात, मग वेनदादांनीच काय घोडं मारलंय?

सर्व्हरची खोली पेई-शानच्या ताब्यात होती. तिशीची बाई, केस आखूड, तोंड त्याहून आखूड. पण उघडलं की लागायचंच.

‘‘पेई-शान, माझं यंत्र नेमकं कोणत्या सर्व्हरवर आहे?’’

‘‘आत्ता तिसऱ्यावर. सकाळी पहिल्यावर होतं. गर्दी झाली की घरमालक भाडेकरूला उचलून दुसरीकडे ठेवतो, चालू कामासकट.’’

‘‘म्हणजे पाकीट एकीकडे आणि यंत्र भलतीकडे?’’

‘‘चारही सर्व्हरवर पाकिटं आहेत, दादा.’’

वेनदादांनी चारही पाकिटं उचलून तारखा वाचल्या. तिसऱ्यावरच्या पाकिटाची तारीख उलटून दोन महिने झाले होते. त्यांनी ते पेई-शानच्या डोळ्यांसमोर असं धरलं की जणू चोर रंगेहाथ पकडला. ‘‘हे काय आहे?’’

पेई-शानचा चेहरा खरंच पडला. ‘‘आई शप्पथ. माझ्या नजरेतून सुटलं.’’

लगोलग नवं पाकीट आलं. रीतसर ठेवलं. दोघांनी हात जोडले. चाचणी लावली: दहा, अकरा, दहा, एकोणचाळीस हजार सातशे.

‘‘तीनशे तरी कमी झाले बघा,’’ पेई-शान म्हणाली.

वेनदादा विचारात पडले. ‘‘पाकीट लोखंडाच्या सर्व्हरवर आहे. पण माझं यंत्र आभासी. त्याला बाहेरचं पाकीट दिसणार कसं?’’

‘‘खरंय,’’ पेई-शान म्हणाली. तिनं मोबाइलवर पाकिटाचा फोटो काढला आणि वेनदादांच्या आभासी यंत्रात ती फाइल नेऊन ठेवली, अगदी वरच्या कप्प्यात. वेनदादांनी चष्मा वर सरकवून स्क्रीनजवळ तोंड नेलं.

‘‘फोटोत तारीख दिसतेय ना?’’

तारीख दिसत होती. उत्तर चाळीस हजारच येत होतं.

‘‘एक बोलू का, दादा?’’ पेई-शान म्हणाली. ‘‘तुमचं यंत्र सदानकदा शंभर टक्के कामात असतं. रात्रंदिवस. मी आल्यापासून बघतेय.’’

‘‘मग?’’ वेनदादांची छाती फुगली. ‘‘कष्टाळू आहे ते!’’

पेई-शान परत आपल्या स्क्रीनकडे वळली. वडीलधाऱ्या माणसाशी किती वाद घालणार?

या सगळ्यात भर म्हणून कॅन्टीनमध्ये तीन आठवडे कारलं चाललं होतं. कंपनीत जेवणाची ऑर्डर सकाळी साडेनऊ ते साडेदहा मोबाइलवरून द्यायची पद्धत. ज्याची ऑर्डर पोचली नाही त्याला नेहमीचा ठरलेला डबा, आणि उन्हाळ्यात ठरलेला डबा म्हणजे खारवलेल्या अंड्यात परतलेलं कारलं. आता कारल्याला नावं ठेवायची नाहीत, पण तीन आठवडे? चारशे माणसं पोर्क चॉप मागत होती, तळलेली मासळी मागत होती, आणि चारशे माणसांच्या पुढ्यात कारलं येत होतं. लोक कारलं बघून सुस्कारे टाकायचे. लेखा विभागातल्या एकानं तर डब्याचा फोटो काढून त्याला हार घातला.

सगळ्यांत जास्त ओरडा वेनदादांचा. त्यांनी साऱ्या कंपनीला ईमेल पाठवली होती. विषय: ‘कारल्याबाबत’. मजकूर असा, की कॅन्टीनच्या चालक ग्वीमावशी यांना साध्या चारशे ऑर्डरी वाचता येत नसतील तर त्यांनी हे काम सोडावं, दुसरा कंत्राटदार नेमावा. खाली सही, हुद्दा आणि ‘उत्तर: नऊ मायक्रोसेकंद’ हे त्यांचं बिरुद.

ग्वीमावशी वयानं वेनदादांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, आवाजानं तिप्पट. त्यांनी ती ईमेल छापून कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवली होती, तेलाच्या डब्याशेजारी.

बुधवारी पावणेबारा वाजता वेनदादा कॅन्टीनमध्ये शिरले. जागा शोधायची त्यांना कधीच गरज नसायची. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. दररोज सव्वादहाला ते खाली येऊन तिच्यावर आपला थर्मास ठेवून जायचे, म्हणजे जेवायला आल्यावर एक सेकंद वाया जायला नको. आज खुर्ची होती, थर्मास नव्हता. खुर्चीत एक गरोदर बाई बसून जेवत होती.

‘‘माझा थर्मास कुठाय?’’

‘‘इथे आहे!’’ काउंटरमागून ग्वीमावशींचा आवाज आला. थर्मास त्यांच्या हातात होता, गदेसारखा. ‘‘मीच उचलला. ये, घेऊन जा.’’

‘‘मावशी, ती जागा माझी आहे. मी सव्वादहापासून धरलेली.’’

‘‘हो ना! सव्वादहापासून! आणि जेवतोस किती वेळ? बारा मिनिटं! मी घड्याळ लावून बघितलंय. बारा मिनिटांच्या जेवणासाठी दीड तास खुर्ची अडवून ठेवायची आणि लोकांनी काय उभ्यानं जेवायचं? सकाळपाळीची माणसं अकराला येतात, ही पोरगी आठव्या महिन्यात ट्रे घेऊन भिंतीला टेकून जेवत होती, आणि तिच्यासमोर तुझा हा थर्मास खुर्चीवर मालक असल्यासारखा बसलेला!’’

‘‘मी आल्यावर जागा नसली तर मला थांबावं लागेल ना.’’

‘‘मग थांब! काम नसेल तेव्हा जागा सोडावी, काम आलं की मागावी. हे कॅन्टीन तुझ्या एकट्याचं आहे का रे, वेन? तुझ्या बापाच्या डोंगरावरचं घर आहे का हे?’’

चारशे माणसं कारल्यातून मान वर काढून बघत होती. पेई-शानही होती, जेवायची काठी तोंडात तशीच धरून.

आता वेनदादा भडकणार असं सगळ्यांना वाटलं. ते भडकले नाहीत. त्यांच्या तोंडाचा आ झाला आणि तसाच राहिला.

‘‘मावशी,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘परत म्हणा.’’

‘‘काय परत म्हणू? सगळं?’’

‘‘काम नसेल तेव्हा जागा सोडावी.’’

ग्वीमावशी जरा घाबरल्याच. उन्हाचा ताप असतो कधीकधी. वेनदादा मात्र पेई-शानकडे वळले. ‘‘माझं यंत्र शंभर टक्के कामात असतं म्हणालीस. काम नसताना?’’

‘‘काम नसतानाच जास्त,’’ पेई-शान म्हणाली. ‘‘सांगत तर होते. ‘आलं का, आलं का’ करत तो सगळा प्रोसेसर अडवून बसतो. घरमालकाला वाटतं, याला केवढं काम आहे. आणि याच्या वाट्याचा वेळ संपला की घरमालक याला उचलून बाजूला करतो. नेमकं तेव्हाच खरं काम आलं, की बसला बोंबलत. चाळीस हजार.’’

‘‘म्हणजे झोपला असता तर—’’

‘‘झोपला असता तर वाट्याचा वेळ शिल्लक राहिला असता. काम आल्याबरोबर घरमालकानं आधी यालाच जागा दिली असती.’’

वेनदादांनी आजूबाजूच्या डब्यांकडे बघितलं. एक भलतीच शंका त्यांच्या मनात आली. ‘‘पेई-शान, त्या चार सर्व्हरवर माझ्याशिवाय आणखी कोण राहतं?’’

पेई-शाननं काठी खाली ठेवली. ‘‘बरेच जण. रजेचे अर्ज. दाराची हजेरी. आणि...’’ तिचे डोळे मोठे झाले. ‘‘जेवणाच्या ऑर्डरी.’’

गरोदर बाईनं कारल्याची एक फोड चावली, तिचा आवाज तेवढा ऐकू आला. तीन आठवड्यांपूर्वी वेनदादांचा कर्नेल तिथे राहायला गेला, त्याच दिवसापासून कारलं सुरू झालं होतं. साडेनऊला चारशे माणसं ऑर्डर पाठवायची, आणि शेजारी हे महाशय दारात उभे राहून साऱ्यांच्या वाट्याचा प्रोसेसर फस्त करायचे. ऑर्डरी वाट बघून बघून आपोआप रद्द. ग्वीमावशींच्या हातात कोरा कागद. वेनदादांनी भिंतीवरच्या आपल्या ईमेलकडे एकदा बघितलं आणि थर्मास न घेताच वर निघून गेले.

दुपारी त्यांनी ती ओळ उघडली. आता काय करायचं हे त्यांना स्वच्छ कळत होतं, कुणी सांगायला नको होतं. सुरू होतानाच कर्नेलनं प्रोसेसरला विचारायचं, मी इथे एकटा आहे की खाली घरमालक आहे? एकटा असेन तर पूर्वीसारखा उभा राहीन. घरमालक असेल तर काम संपल्याबरोबर झोपेन. पाच ओळींचा मामला. पण ते दीड तास नुसते बघत उभे राहिले. एकवीस वर्षं ज्या ओळीच्या जिवावर मान ताठ ठेवली तिलाच सांगायचं, की तू आता झोप? नऊचा आकडा जाणार, तो परत येणार नाही. त्यांना बाप आठवला. कसा रात्री-अपरात्री सुपांशेजारी उकिडवा बसून आभाळाकडे बघायचा, आणि त्या डोंगरावर त्याला हाक मारून उठवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बिचारा झोपायचा नाही. वेनदादांना एकदम भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला.

मग त्यांनी खुर्ची ओढली. पेई-शाननं दारातून हे बघितलं आणि ती पाय न वाजवता मागे फिरली. खुर्चीत बसून वेनदादांनी पाच ओळी लिहिल्या. जुनी टीप खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली: ‘शेजारी असतील तर झोप. ढग आला की घरमालक उठवेल.’

गुरुवारी सकाळी ओसाकाचे तिघं आले. शाओनं चाचणी लावली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. एकतीस. तीस. एकतीस. बत्तीस. एकतीस. तासभर तेच. एकदाही चाळीस हजार नाही, एकदाही शंभर नाही. ओसाकाचे लोक माना डोलवत लिहून घेत होते.

‘‘उत्तम!’’ शाओ म्हणाला. ‘‘वेनदादा, कपाट रद्द!’’

‘‘एकतीस,’’ वेनदादा पुटपुटले. साखरेचा डबा उघडून त्यात मीठ निघावं तसा चेहरा. रखवालदाराला आता हा आकडा नव्यानं शिकवावा लागणार होता.

कर्नेल बुधवारी संध्याकाळीच बदलला होता, त्यामुळे गुरुवारी बारा वाजता कॅन्टीनमध्ये असा काही कल्ला झाला, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. ज्यानं पोर्क चॉप मागितली त्याला पोर्क चॉप! ज्यानं मासळी मागितली त्याला मासळी! माणसं डबे उघडून एकमेकांना दाखवत होती. लेखा विभागातल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे ग्वीमावशींचा जयजयकार करत होते, आणि बाई गोंधळून म्हणत होत्या, ‘‘अरे, मी काहीच केलं नाही रे!’’

वेनदादा गर्दीतून वाट काढत काउंटरशी आले. हातात एक हिरवं पाकीट होतं, तारीख पुढच्या वर्षाची. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि कमरेत वाकले. ‘‘मावशी, कारलं माझ्यामुळे झालं. तीन आठवडे. ती ईमेल मी चुकीची लिहिली. आजच दुसरी पाठवतो, सगळ्यांना.’’

‘‘मला पेई-शाननं सांगितलं,’’ ग्वीमावशी म्हणाल्या. त्यांनी पाकीट घेतलं आणि भाताच्या मोठ्या कुकरवर नीट उभं करून ठेवलं. भिंतीवरची ईमेल फाडली आणि त्याच कागदानं हाताचं तेल पुसलं. ‘‘तुझी ऑर्डर?’’

‘‘विसरलो द्यायला. सकाळी चाचणी होती.’’

‘‘ऑर्डर नाही म्हणजे ठरलेला डबा,’’ मावशी म्हणाल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. कारलं. ‘‘साऱ्या कंपनीत आज एकट्या तुझ्यासाठी केलंय.’’

वेनदादांनी डबा घेतला आणि वळून बघितलं. थर्मास आज जागा धरायला नव्हता, कालपासून मावशींकडेच होता. एकही खुर्ची रिकामी नव्हती. ते ट्रे धरून उभे राहिले, उभं राहण्यात त्यांना जन्मात कधी काही वाटलं नव्हतं, आज मात्र कान तापले. तेवढ्यात ग्वीमावशी स्वयंपाकघरातलं आपलं भाजी चिरायचं स्टूल घेऊन आल्या आणि खिडकीजवळ आपटून म्हणाल्या, ‘‘बस! माणसासारखा बसून जेव!’’

वेनदादा बसले. खाली मान घालून, एकही फोड न टाकता, सगळं कारलं खाल्लं. मग स्टूल पुसून लगेच उठले, कारण लेखा विभागातला तो माणूस पोर्क चॉपचा डबा घेऊन मागे उभा होता.